जुन्या गाडीचा फ्युएल पंप गेला: दुरुस्त करायचा की नवाच बसवायचा?

रविवारची सकाळ आहे. सोसायटीच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेली आजोबांची प्रीमियर पद्मिनी बाहेर निघते. दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर सुरू होते, गल्लीतून ऐटीत जाते आणि फ्लायओव्हरच्या चढावर आचके देत बंद पडते. टाकीत पेट्रोल आहे, बॅटरी चांगली आहे. मिस्त्री येतो, बॉनेट उघडतो आणि निकाल देतो, "एसी पंप गेलाय."

मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, जुनाच पंप किट टाकून दुरुस्त करू, तो कंपनीचा आहे. दुसरा म्हणतो, कशाला खटाटोप? नवा आणून बसवू. तिसऱ्याने कुठल्या तरी व्हिडिओत इलेक्ट्रिक पंप पाहिलेला असतो. तिघांचंही थोडंथोडं बरोबर असतं. पण या निर्णयात किंमत ही सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट आहे. पंपाचं धड शाबूत आहे का आणि आत बसणारा रबराचा पडदा आजचं पेट्रोल सोसेल का, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर निर्णय ठरतो.

या पंपाला 'एसी' का म्हणतात?

गाडीत एअर कंडिशनर नसला तरी एसी पंप असतो, हा जुन्या गाडीवाल्यांचा ठरलेला विनोद. या नावाचा थंड हवेशी काहीही संबंध नाही. अल्बर्ट चॅम्पियन हा फ्रान्सहून अमेरिकेत गेलेला सायकल शर्यतपटू. त्याने स्पार्क प्लग बनवण्याचा धंदा उभारला आणि त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून 'एसी' हा ब्रँड तयार झाला. पुढे जनरल मोटर्सच्या छत्राखाली या ब्रँडचे फ्युएल पंप जगभरच्या गाड्यांवर बसले. ब्रँडचं नाव वस्तूला चिकटलं आणि आपल्याकडच्या गॅरेजांमध्ये इंजिनवर बसणारा कुठलाही यांत्रिक पेट्रोल पंप 'एसी पंप' झाला. स्पेअरच्या दुकानात आजही याच नावाने मागितला तर पटकन मिळतो.

पंप नेमकं करतो काय?

पद्मिनीसारख्या गाडीत पेट्रोलची टाकी मागे आणि कार्बोरेटर पुढे, इंजिनवर असतो. मागचं पेट्रोल पुढे ओढून आणणं हे या पंपाचं काम.

इंजिनमधला कॅमशाफ्ट फिरला की त्यावरचा एक उंचवटा पंपाचा आर्म हलवतो. काही इंजिनांत आर्म थेट कॅमला टेकलेला असतो, काहींत मध्ये छोटी दांडी असते. आर्म हलला की आतला डायाफ्राम, म्हणजे कापडावर रबर चढवलेला पातळ पडदा, खाली ओढला जातो. वरच्या खोलीत ओढ तयार होते, आत येणारा व्हॉल्व्ह उघडतो आणि टाकीतलं पेट्रोल आत येतं. मग स्प्रिंग त्या पडद्याला वर ढकलते, बाहेर जाणारा व्हॉल्व्ह उघडतो आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जातं.

यातली खुबी अशी की पेट्रोलचा दाब आर्म ठरवत नाही, स्प्रिंग ठरवते. कार्बोरेटर भरला की त्याची सुई बंद होते, पडदा खालीच राहतो आणि आर्म नुसताच हलत राहतो. इंजिन बंद पडलं की पंपही आपोआप थांबतो.

कॅमशाफ्ट इंजिनच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणजे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर आर्म मिनिटाला १,५०० वेळा हलतो. तीस-चाळीस वर्षं असं हलल्यावर काय झिजलं असेल, याचा अंदाज यावरून येतो.

आधी खात्री करा: दोष पंपाचाच आहे का?

अनेक चांगले पंप बिचारे विनाकारण बदलले जातात. गाडीला पेट्रोल कमी पडतंय याचा अर्थ पंप खराब आहे, असा होत नाही. आधी या जागा तपासाव्यात:

- टाकीच्या झाकणातलं हवेचं छिद्र बुजलं असेल तर टाकीत निर्वात तयार होतो आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. झाकण सैल केल्यावर गाडी नीट चालत असेल, तर दोष झाकणाचा.
- टाकीतला गंज आणि गाळ पाइपात किंवा फिल्टरमध्ये अडकतो.
- टाकी ते पंप या मार्गातल्या रबरी होजला बारीक चीर असेल तर पेट्रोलऐवजी हवा ओढली जाते. बाहेर एक थेंबही गळत नाही, त्यामुळे ही चूक सहज नजरेतून सुटते.
- कार्बोरेटरची सुई अडकली असेल तरी लक्षणं तीच दिसतात.
- घाटात किंवा उन्हात ट्रॅफिकमध्ये गाडी बंद पडते आणि अर्ध्या तासाने सुरू होते, हे बहुतेकदा व्हेपर लॉकचं लक्षण. उष्णतेने पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ढकलता येत नाही. पंपावर ओलं फडकं ठेवायची जुन्या ड्रायव्हरांची युक्ती याच कारणाने लागू पडते.

यानंतर पंपाची चाचणी. इंजिन थंड असताना कार्बोरेटरकडे जाणारी होज काढून तिचं टोक पेट्रोल सहन करणाऱ्या पारदर्शक बाटलीत सोडायचं. कॉइलची वायर काढून ठेवायची, म्हणजे ठिणगी पडणार नाही. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. पंप चांगला असेल तर ठरावीक अंतराने पेट्रोलची जोरदार पिचकारी येते. नुसती धार ठिबकत असेल किंवा सतत बुडबुडे येत असतील तर गडबड आहे. बुडबुडे आले तर आधी होजवर संशय घ्यावा. दाब मोजायचा छोटा गेज मिळाला तर उत्तमच. कार्बोरेटरच्या गाड्यांना साधारण २ ते ५ पीएसआय इतकाच दाब लागतो, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो.

पडदा फाटला तर दोन धोके

काही पंपांच्या खालच्या भागात एक बारीक छिद्र ठेवलेलं असतं. ते वाया गेलेलं भोक समजून कुणी एम-सीलने बुजवतं. ही मोठी चूक. ते छिद्र इशारा देण्यासाठी आहे. तिथून पेट्रोल ठिबकलं तर पडदा फाटला आहे, ऑइल आलं तर आतलं सील गेलं आहे.

पडदा फाटल्यावर पेट्रोलला दोन वाटा असतात. एक बाहेर, गरम इंजिनवर. त्याचा परिणाम काय होऊ शकतो, हे वेगळं सांगायला नको. दुसरी वाट आत, थेट इंजिन ऑइलमध्ये. ही जास्त फसवी, कारण गाडी चालत राहते. पेट्रोल मिसळलं की ऑइल पातळ होतं आणि बेअरिंग घासू लागतात. पंपाच्या खर्चाच्या कितीतरी पट खर्च मग इंजिनवर होतो. म्हणून दर आठवड्याला डिपस्टिक काढून पाहावी. ऑइलची पातळी न ओतता वाढली असेल किंवा त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर गाडी सुरूच करू नये. पंप तर काढावाच, पण ऑइल आणि ऑइल फिल्टरही बदलावं.

ई२० ने जुना हिशोब बदलला

पूर्वी निर्णय सोपा होता: किट आणा, पडदा बदला, विषय संपला. आता पेट्रोल बदललं आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेलं ई२० पेट्रोल भारतात फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर मिळू लागलं आणि नंतर देशभर पसरलं. पद्मिनी, अँबेसेडर किंवा जुनी मारुती ८०० बनली तेव्हा तिच्या रबराने असं पेट्रोल पाहिलंही नव्हतं.

इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबराला आणि कॉर्कच्या पॅकिंगला त्रास देतं. रबर फुगतं, मऊ पडतं किंवा पुढे कडक होऊन चिरतं. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसू शकतं आणि पंपाच्या मिश्रधातूला आतून खातं. रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा झाकून ठेवलेल्या गाडीला हा धोका जास्त.

याचा सगळ्यात महत्त्वाचा परिणाम किटवर होतो. जुन्या बाजारात कंपनीच्या मूळ खोक्यातलं, सील न तोडलेलं किट मिळालं की शौकिनांना लॉटरी लागल्यासारखं वाटतं. पण १९८५ सालचं रबर न वापरताही म्हातारं होतं, आणि ते ज्या पेट्रोलसाठी बनलं ते पेट्रोलही आता मिळत नाही. संग्रहासाठी ते खोकं जरूर घ्यावं, गाडीत बसवण्यासाठी नको.

किट घेताना पडदा इथेनॉल सहन करणारा आहे का, हे स्पष्ट विचारावं. फ्लोरोइलॅस्टोमर प्रकारचं रबर, जे बाजारात 'व्हायटॉन' नावाने ओळखलं जातं, ते यासाठी चांगलं. सोबत रबरी होजही बदलावी. होजवर 'एसएई जे३० आर९' असा छाप असेल तर ती इथेनॉलच्या पेट्रोलला चालते. नवा पडदा आणि जुनी होज म्हणजे अर्धंच काम.

दुरुस्त कधी करावा?

पंप काढल्यावर आधी एक गोष्ट पाहायची: वरचा आणि खालचा भाग स्क्रूने जोडलेला आहे की पत्रा दुमडून कायमचा बंद केलेला आहे. स्क्रूवाला पंप उघडतो. दुमडलेला पंप उघडण्यासाठी बनलेलाच नसतो, तो थेट बदलायचा.

स्क्रूवाला असेल आणि पुढच्या गोष्टी जमून आल्या, तर दुरुस्ती हाच चांगला मार्ग:

- धडाला कुठेही तडा नाही आणि इंजिनवर टेकणारी बाजू सपाट आहे. सपाट काच घेऊन त्यावर ती ठेवली की डुगडुगते का ते लगेच कळतं. किरकोळ फरक काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासला तर जातो.
- आर्मची पिन घट्ट आहे. आर्म आडवा हलवून पाहावा, खडखडत असेल तर भोक घासलं आहे.
- आर्मचं कॅमला टेकणारं टोक खोलवर झिजलेलं नाही.
- होज जोडायच्या जागचे आटे शाबूत आहेत.
- व्हॉल्व्हच्या बैठकीवर गंजाचे खड्डे नाहीत.
- ताजं, इथेनॉल सहन करणारं आणि त्याच मॉडेलचं किट मिळतंय.

अशा पंपाचं जुनं धड बहुतेकदा नव्या स्वस्त नकलेपेक्षा भक्कम असतं. कास्टिंग जाड असतं, आर्मचं माप अचूक असतं आणि तो त्याच इंजिनसाठी बनलेला असतो. किटची किंमत नव्या पंपाच्या मानाने कमी असते आणि काम जाणकार मिस्त्रीसाठी तास-दोन तासांचं.

नवा कधी बसवावा?

पिनचं भोक अंडाकृती झालं असेल, फ्लँज वाकली असेल, धडाला तडा असेल किंवा आटे गेले असतील, तर किटचा उपयोग नाही. नवा पडदा घासलेल्या आर्मला पूर्ण स्ट्रोक देऊ शकत नाही. पंप महिनाभर चालेल आणि पुन्हा रस्त्यात दगा देईल. तड्यावर एम-सील किंवा एपॉक्सी लावून काम भागवणं म्हणजे आगीशी खेळ.

नवा पंप घेतानाही डोळे उघडे ठेवावे लागतात. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, दिल्लीत कश्मीरी गेट अशा बाजारांत पंप मिळतात, पण दिसायला सारखा असलेला प्रत्येक पंप आतून सारखा नसतो. जुना पंप सोबत न्यावा आणि दोन्ही शेजारी ठेवून आर्मची लांबी, वाक, होजच्या तोंडांची दिशा आणि बोल्टच्या भोकांमधलं अंतर ताडून पाहावं. आर्म लांब असेल तर पडदा प्रमाणाबाहेर ताणला जातो, आखूड असेल तर पेट्रोल कमी पडतं. नव्या पंपाचा दाबही मोजावा. तो जास्त असेल तर कार्बोरेटरची सुई दाबाला हार मानते, पेट्रोल ओसंडून वाहतं आणि दोष मात्र कार्बोरेटरला लागतो.

आणि जुना पंप भंगारात देऊ नये. आज नसलेलं किट उद्या कुणी बनवेल, पण ते धड पुन्हा बनणार नाही.

दुरुस्तीत होणाऱ्या चुका

काम मिस्त्रीकडून करून घेतलं तरी या गोष्टी मालकाला माहीत असाव्यात. बॅटरीची वायर काढलेली असावी, इंजिन थंड असावं, हवा खेळती असावी आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी असावा.

उघडण्याआधी दोन्ही भागांवर मिळून एक ओरखडा काढून ठेवावा. नाहीतर जोडताना वरचा भाग फिरतो आणि आत-बाहेरची तोंडं चुकीच्या दिशेला जातात. पडदा बसवताना स्क्रू आधी सैल ठेवायचे, आर्म पूर्ण दाबून पडदा खाली ओढून धरायचा आणि मग समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळायचे. पडदा वर असतानाच स्क्रू आवळले, तर तो प्रत्येक स्ट्रोकला कडेला ताणला जातो आणि लवकर फाटतो. 'नवीन किट टाकलं तरी दोन महिन्यांत गेलं' या तक्रारीमागे अनेकदा हेच कारण असतं.

जोडल्यावर गाडीत बसवण्याआधी साधी परीक्षा घ्यावी. आत येणाऱ्या तोंडावर अंगठा ठेवून आर्म दाबायचा. अंगठ्याला ओढ जाणवली पाहिजे आणि ती काही सेकंद टिकली पाहिजे. लगेच सुटली तर व्हॉल्व्ह किंवा पडदा नीट बसलेला नाही.

बसवताना दोन गोष्टी. आर्म कॅमच्या योग्य बाजूला टेकला पाहिजे. तो चुकून कॅमच्या खाली गेला आणि बोल्ट आवळले, तर पहिल्याच सेल्फला आर्म मोडतो. आणि इंजिन व पंप यांच्यामधलं पॅकिंग मूळ जाडीचंच हवं. काही इंजिनांत तिथे उष्णता अडवणारा जाड ठोकळाही असतो. तो फेकून दिला किंवा एकाऐवजी दोन पॅकिंग घातली, की आर्मचा स्ट्रोक बदलतो.

मग इलेक्ट्रिक पंप का नको?

इलेक्ट्रिक पंपाचे फायदे खरे आहेत. महिनाभर उभी असलेली गाडी लवकर सुरू होते. पंप टाकीजवळ असल्याने इंजिनच्या उष्णतेपासून लांब राहतो आणि व्हेपर लॉक कमी होतो. मूळ पंपाचं धड संपलं आहे आणि योग्य नवा मिळतच नाही, तेव्हा हा पर्याय रास्त आहे.

पण यांत्रिक पंपाची एक सुरक्षा त्यात आपोआप येत नाही. अपघातात इंजिन थांबलं तरी इग्निशन चालू असेल तर इलेक्ट्रिक पंप पेट्रोल ढकलतच राहतो, आणि होज तुटली असेल तर ते रस्त्यावर किंवा गरम इंजिनवर पडतं. म्हणून धक्क्याने बंद होणारा इनर्शिया स्विच किंवा ऑइलचा दाब गेला की पंप तोडणारा स्विच, रिले आणि फ्यूज यांशिवाय तो बसवूच नये.

दुसरं, पंप कार्बोरेटरसाठीचाच, कमी दाबाचा हवा. इंजेक्शनच्या गाड्यांचा पंप साधारण ३५ ते ६० पीएसआय दाब देतो. तो कार्बोरेटरला जोडला तर पेट्रोलचा पूर येईल. तिसरं, तो टाकीजवळ आणि शक्यतो टाकीच्या पातळीच्या खाली बसवावा, कारण असे पंप ओढण्यापेक्षा ढकलण्यात जास्त चांगले. यांत्रिक पंप काढल्यावर इंजिनवरचं भोक जाड पट्टी आणि पॅकिंगने बंद करावं लागतं, नाहीतर तिथून ऑइल उडतं. फाटलेल्या पडद्याचा जुना पंप तसाच जोडून ठेवणं तर मुळीच नको.

मूळपणाचं मोल

भारतात जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी केंद्राचे नियम आले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या आणि मूळ रूपात जपलेल्या दुचाकी-चारचाकींना त्यात स्थान आहे. चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे बदल केलेली गाडी त्यात बसत नाही. फ्युएल पंप हा असा मोठा बदल नव्हे, पण रॅलीत परीक्षक बॉनेट उघडतात तेव्हा मूळ पंप नजरेत भरतो.

मुंबईच्या रस्त्यांवरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली. या पंपाशी रोज झटणारे ड्रायव्हर आणि मिस्त्री त्यानंतर कमी होत जाणार, हे उघड आहे. पंप उघडून नीट जोडता येणारा माणूस आज जवळ असेल, तर त्याच्याकडून काम करून घेताना शेजारी उभं राहून ते पाहून ठेवणंही तितकंच मोलाचं.

थोडक्यात निर्णय असा

- चाचणीत पंप पास झाला: त्याला हात लावू नका. झाकण, होज, फिल्टर, कार्बोरेटर तपासा.
- धड शाबूत, ताजं किट मिळतंय: दुरुस्त करा आणि होजही बदला.
- धड शाबूत, पण फक्त जुन्या साठ्यातलं किट मिळतंय: थांबा. तोवर तपासून घेतलेला नवा पंप बसवा आणि मूळ पंप जपून ठेवा.
- धडाला तडा, भोक घासलेलं किंवा पंप दुमडून बंद केलेला: नवा बसवा.
- नवाही मिळत नाही: सगळ्या सुरक्षा स्विचसह कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप.
- ऑइलमध्ये पेट्रोलचा वास: निर्णय नंतर, गाडी आधी बंद.

आणि पंप कोणताही निवडला, तरी काम झाल्यावर इंजिन दहा मिनिटं जागेवरच चालवून टॉर्चने प्रत्येक जोड तपासायचा. एक थेंब जरी दिसला, तरी त्या रविवारची फेरी पुढच्या रविवारवर ढकलायची.